काळ्या लोकरीवर रंग चढत नाही: नमद्याच्या कामातली माझी पहिली चार वर्षं

हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो आणि कपडा दोन दिवस उन्हात राहिला की उडून जातो, हे आपल्याकडे घरोघरी माहीत असतं. मलाही माहीत होतं. तरी माझं विकलं गेलेलं पहिलं काम मी हळदीनेच रंगवलं होतं. पांढऱ्या लोकरीचा नमदा, म्हणजे न विणता लोकर दाबून केलेलं जाड कापड, आणि त्यावर पिवळं शेत. लोकर साबणाच्या पाण्यात घट्ट करताना शेत केशरी-लाल झालं, शेवटी व्हिनेगरच्या पाण्यातून काढल्यावर पुन्हा पिवळं झालं, तेव्हा मी निश्चिंत झाले. ज्यांनी ते घेतलं त्यांनी खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलं. दिवाळीत लावलेलं पिवळं शेत होळीपर्यंत सायीच्या रंगाचं झालं होतं. मी पैसे परत केले.

तेव्हापासून एक नियम पाळते. रंगवलेल्या प्रत्येक लोकरीची बोटभर पट्टी अर्धी काळ्या कागदात गुंडाळायची आणि दक्षिणेच्या खिडकीत महिनाभर चिकटवून ठेवायची. कागद काढल्यावर दोन्ही अर्धांत फरक दिसला तर तो रंग विकायच्या कामात वापरायचा नाही. बीट, जास्वंद, हळद अशा चाचणीत गळतात. मंजिष्ठ (लाल रंग देणारी मुळी), नीळ, डाळिंबाची साल मात्र टिकतात. नवीन शिकणाऱ्याने रंगांच्या सुंदर नावांपेक्षा या पट्ट्यांवर विश्वास ठेवावा.

मी कॉमर्सची. सहा वर्षं साताऱ्यात हिशेबाची नोकरी केली आणि कलेचं शिक्षण घेतलं नाही. ज्यांना रीतसर शिकायचं आहे त्यांच्यासाठी मुंबईत सर ज. जी. कला महाविद्यालय आहे, अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे. तिथे वस्त्रकला मुळापासून शिकता येते, वय आणि पैसा हाताशी असेल तर जरूर जा. मी मात्र कच्छमध्ये एका मन्सुरी कुटुंबाकडे बारा दिवस राहिले आणि बाकीचं गच्चीवर शिकले. त्या कुटुंबात पूर्वी उंटाच्या पाठीवर टाकायचे नमदे बनत. मी पहिल्या दिवशी वही उघडून बसले, तर तिथल्या चाचींनी वही मिटवली आणि पिंजलेली लोकर हातात दिली. चार दिवस फक्त थर घालायला लावले. आडवा, उभा, परत आडवा. थराला कुठे विरळ जागा राहिली की त्या डोळे मिटून तळहाताने सांगायच्या.

नमद्यात धागा नाही, माग नाही, विणही नाही. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. कोमट पाणी, साबण आणि दाब मिळाला की खवले उघडतात, केस एकमेकांत शिरतात आणि मागे फिरू शकत नाहीत. कापड घट्ट होतं तसं लहानही होतं. बारीक लोकरीचा एक मीटरचा थर घातला तर हातात साधारण पासष्ट-सत्तर सेंटिमीटर येतं. म्हणून माप आधी उलट्या बाजूने काढायला शिका. दहा बाय दहाचा नमुना करून आक्रसणं मोजल्याशिवाय मोठ्या कामाला हात लावू नका. इथे माझी हिशेबाची सवय कामी आली: वजन, पाणी, तापमान, आधीचं माप, नंतरचं माप, सगळं एकाच ओळीत. आज माझ्याकडे अशा अकरा वह्या आहेत.

आता लोकरीबद्दल, कारण बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. आपली दख्खनी मेंढी बहुतांशी काळी. तिची लोकर राठ आणि मजबूत, घोंगडीसाठी उत्तम. दक्षिण महाराष्ट्रात तिचंच न विणलेलं जाड अंथरूण बनायचं, त्याला जेन म्हणतात, म्हणजे नमदा आपल्याला परका नाही. मला गावचीच लोकर वापरायची होती. माण तालुक्यातल्या एका धनगर वाड्यावरून दोन किलो आणली, रंग धरावा म्हणून तुरटी लावली, मंजिष्ठात उकळली. बाहेर आली ती काळीच. काळ्यावर वनस्पतीचा रंग दिसत नाही, एवढी साधी गोष्ट मला दोन किलो लोकर आणि अर्धा किलो मंजिष्ठ घालवून कळली.

मग पांढरी लोकर, बारीक परदेशी मेरिनो, बिकानेरच्या बाजारातून मागवायला लागले आणि काळीवर रंगीत थर घालायचं ठरवलं. पहिला मोठा तुकडा उन्हात वाळला तेव्हा त्याला सुरकुत्या पडल्या होत्या. वरची बारीक मेरिनो जास्त आक्रसली, खालची राठ दख्खनी कमी. शिवाय काळे केस वर सरकून केशरी रंगात घुसले होते. त्यावर उपाय सापडला तो फार जुना आहे. सायबेरियात अल्ताई पर्वतातल्या पाझिरिकच्या थडग्यांमध्ये बर्फामुळे टिकलेले सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे नमदे सापडले. त्यांत रंगीत नमद्याचे आकार कापून दुसऱ्या नमद्यावर शिवलेले आहेत. मीही तसंच करते: रंगीत नमदा वेगळा करायचा, पूर्ण आक्रसू द्यायचा, मग कापून काळ्यावर टाके घालायचे. काळी लोकर जमीन, म्हणजे चित्राची पार्श्वभूमी, झाली. माझ्या मते दख्खनी काळ्यासारखी जमीन कुठलाही रंग देऊ शकत नाही. जवळून पाहिलं तर त्यात तपकिरी आणि राखाडी केस असतात आणि मंजिष्ठाचा लाल त्यावर निखाऱ्यासारखा दिसतो. मऊ हवी असेल तर जावळ मागा, म्हणजे कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर.

रंगाची कृती थोडक्यात सांगते. शंभर ग्रॅम कोरडी पांढरी लोकर रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवा, चोळू नका, नाहीतर तिथेच नमदा होईल. बारा ते पंधरा ग्रॅम तुरटी विरघळवा, लोकर घाला, हळूहळू ऐंशी अंशांपर्यंत न्या, तासभर ठेवा आणि त्याच पाण्यात रात्रभर थंड होऊ द्या. गरम लोकर गार पाण्यात टाकायची नाही. मंजिष्ठाची पूड लोकरीच्या वजनाइतकी घ्या, आदल्या रात्री भिजवा आणि रंगवताना सत्तर अंशांच्या वर जाऊ नका, वर गेलं की लाल मरतो आणि विटकरी तपकिरी उरतो. पाणीही महत्त्वाचं. माझ्याकडे नळाच्या पाण्यात मंजिष्ठ फिकट येते आणि बोअरच्या जड पाण्यात गडद, कारण त्यातलं कॅल्शियम तिला मानवतं. हिराकस (लोखंडाचा क्षार) वापरायचं तर शंभर ग्रॅम लोकरीला एक-दीड ग्रॅम पुरे. डाळिंबाच्या सालीचा पिवळा त्याने शेवाळी होतो, पण जास्त झालं की लोकर ठिसूळ होते. रंगाची भांडी स्वयंपाकघरात परत न्यायची नाहीत, पूड हाताळताना नाकाला फडकं बांधायचं आणि डायक्रोमेट या रंग पक्का करायच्या रसायनाला हात लावायचा नाही, तो विषारी आहे. वनस्पतीचा रंग म्हणून सगळंच निर्धोक असतं असं समजू नका.

पैशाचं स्पष्ट सांगते. पहिल्या वर्षी माझी सात कामं विकली गेली. दोन बाय तीन फुटांच्या एका कामाला रंगापासून टाक्यांपर्यंत नऊ दिवस लागतात. सुरुवातीला मी लोकर आणि रंग यांचा खर्च धरून किंमत लावायचे, दिवस धरायचे नाही. तिसऱ्या वर्षी रोजची मजुरी धरली तेव्हा किंमत दुप्पट झाली, विचारणारे कमी झाले, पण घेणारे तितकेच राहिले. घर अजूनही मुख्यतः शनिवार-रविवारच्या कार्यशाळांवर चालतं. म्हणून नोकरी एकदम सोडू नका, मीही दीड वर्ष अर्धवेळ केली. मनगटं आणि कंबर सांभाळा, लोकर घट्ट करायला लाटताना जमिनीवर वाकण्याऐवजी उंच टेबल करून घ्या.

धनगरांशी व्यवहार करताना घासाघीस करू नका. मेंढ्या भादरायची मजुरी आता लोकरीच्या किमतीतून निघत नाही, म्हणून कितीतरी लोकर टाकून दिली जाते. मी ज्या वाड्यावरून घेते तिथल्या मावशी आता काळी, करडी आणि जावळ वेगळी पोत्यांत भरून ठेवतात आणि मी तिन्हींचा वेगळा दर देते. आलेली लोकर त्याच आठवड्यात धुऊन कडक उन्हात वाळवायची, कसर लागली तर वर्षाचा साठा जातो. वेखंडाचे तुकडे पोत्यात टाकते, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पोती उघडून हात आत घालून बघते.