घर्षण जवळपास गायब कसं होतं, घरीच बघा

अंड्यांचे दोन रिकामे पुठ्ठ्याचे ट्रे घ्या (अंडी आधी काढा हो!), खड्ड्यात खड्डा बसवून एकावर एक ठेवा आणि वरचा ढकला, हलणारच नाही. आता वरचा ट्रे उचलून साधारण ४५ अंश फिरवून ठेवा, हलकेच ढकला, सर्रकन जातो की नाही? कारण उंचवटे आता खड्ड्यात बसतच नाहीत, एक वर चढतो तेव्हा दुसरा उतरत असतो. ग्रॅफाइटच्या (पेन्सिलीच्या टोकात असतं ते) अणूंचंही सेम, फक्त त्यांची मांडणी षटकोनी जाळीसारखी म्हणून दर ६० अंशांना अडकतं. नेदरलँड्समधल्या लायडनला २००४ मध्ये ग्रॅफाइटवर ग्रॅफाइटचाच इवलासा तुकडा घासून हे मोजलं, मधल्या कोनांत घर्षण जवळपास शून्य! तेल टाकून मात्र बघू नका, पुठ्ठा भिजतो.