सरकारी तंत्रज्ञान-अहवाल वाचताना आधी छेद शोधा

कार्यकारी सारांश सगळ्यात शेवटी वाचा. नवख्यांना नेमकं उलटं शिकवलं जातं, आणि ‘सारांश वाच, बाकीचं चाळ’ म्हणणारे मार्गदर्शक बहुधा स्वतःही चाळूनच मोकळे झालेले असतात. आधी कार्यकक्षा पाहा, मग आकडे कोणत्या काळातले ते, मग परिशिष्टं. आधारवरचा कॅगचा (सरकारी कारभार तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा) अहवाल एप्रिल 2022 मध्ये संसदेत आला, पण तपासणी 2014-15 ते 2018-19 या वर्षांची होती. त्यावरून ‘2022 मधली आधारची स्थिती’ असं लिहिलंत की गेलात.

आता खरा सापळा: टक्केवारीचा छेद. यात भलेभले फसतात, म्हणून सावकाश घेऊ.

2016-17 च्या आर्थिक पाहणी अहवालात आधारने ओळख पटवताना अंगठा न जुळण्याचं प्रमाण झारखंडात 49 टक्के, राजस्थानात 37, गुजरातेत 6 असं दिलंय. पुढे 2018 मध्ये आधार प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयात सरकारी सेवांसाठी ओळख पटण्याचं प्रमाण 88 टक्के सांगितलं. दोन्ही शेजारी ठेवून ‘केवढी सुधारणा’ म्हणायचा मोह होतो. आवरा. पहिले आकडे राज्यांचे, दुसरा देशाचा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे छेदात काय आहे? माणसं, की मशीनवर अंगठा टेकवण्याच्या खेपा?

समजा, रेशन दुकानात ई-पॉसवर (अंगठा घेणाऱ्या मशीनवर) एका बाईचा अंगठा चारदा लागला नाही, पाचव्यांदा लागला. खेपा मोजल्या तर यश 20 टक्के, माणसं मोजली तर 100. तिची शेजारीण, ऊसतोडीने बोटं झिजलेली, दोन महिने हेलपाटे घालून दुकानात यायचीच बंद झाली, तर ती दोन्ही हिशेबांतून गायब. उलट तिच्या फसलेल्या खेपा थांबल्यामुळे पुढच्या महिन्याचा टक्का वर चढतो! म्हणून प्रत्येक टक्क्याशेजारी समासात पेन्सिलीने लिहा: अंश काय, छेद काय, छेदातून कोण गळलं. तिसऱ्याचं उत्तर अहवालात सहसा नसतं. एकूण शिधापत्रिकांतून त्या महिन्यात धान्य उचललेल्या वजा करा आणि उरलेल्यांचं काय झालं ते शोधा. सगळ्यांचाच अंगठा अडला असं नाही, काही गावाबाहेरही असतील, पण शोध तिथून सुरू होतो.

याला गणिताची पदवी लागत नाही, भागाकार पुरतो. पाच-सहा अहवालांनंतर नजर आपोआप तिकडे जाते. एआयकडून गोषवारा मात्र काढून घेऊ नका. छेद बहुतेकदा तळटिपेत असतो आणि गोषवाऱ्यात नेमकी तळटीपच उरत नाही.

सुरुवात कॅगपासून करा. आक्षेप, खात्याचं उत्तर आणि ते का पटलं नाही, हे एकाखाली एक मिळतं. त्याच आधार-अहवालात म्हटलंय की 2018-19 मध्ये 3.04 कोटी बायोमेट्रिक नोंदी अद्ययावत झाल्या आणि त्यांतल्या 73 टक्क्यांहून जास्त लोकांनी सदोष ठशांपायी स्वतः पैसे भरून करून घेतल्या. हेच 3.04 कोटी नुसते छापले असते तर कामगिरी म्हणून खपले असते.

अहवालातून कायदा कसा घडतो हे पाहायचं तर चार रकान्यांचा तक्ता करा: शिफारस, मसुदा, विधेयक, कायदा. उदाहरणार्थ, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा. त्यासाठी नेमलेल्या श्रीकृष्ण समितीच्या जुलै 2018 च्या मसुद्यात देशाच्या सुरक्षेसाठी सरकारला त्यातून सूट हवी तर संसदेने केलेला कायदा हवा आणि वापर आवश्यक व प्रमाणशीर हवा, अशी अट होती. 2019 च्या विधेयकात केंद्राचा लेखी, सकारण आदेश पुरेसा झाला. 2023 च्या कायद्यात सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्राने एखाद्या सरकारी संस्थेसाठी अधिसूचना काढली की ती संस्था कायद्याच्या कक्षेबाहेर. मधल्या टप्प्यावरचा संयुक्त संसदीय समितीचा डिसेंबर 2021 चा अहवाल टाळू नका. या सूट-कलमावरचे खासदारांचे आक्षेप त्याला जोडलेल्या भिन्नमतपत्रिकांत (असहमत सदस्यांच्या टिपणांत) आहेत, आणि त्या मुख्य मजकुरापेक्षा कितीतरी सुटसुटीत आहेत.