नाशिकहून मॉरिशसला राहायला जाताना: आधी कागद, मग घर, मग सामान

मॉरिशसला फिरायला जाणं आणि तिथे संसार मांडणं यांत फरक कागदांचा आहे. समुद्र, ऊस, डोंगर सगळं तिथे आहेच. पण बेत फसतात ते बहुतेक वेळा नाशिकमध्येच, कागद उलट्या क्रमाने गोळा केल्यामुळे. म्हणून सुरुवात परवान्यापासून करा. घर, शाळा, सामान हे सगळं परवाना कुठला आहे त्यावर ठरतं.

कुठला परवाना?

भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून उतरणं सोपं आहे, पण पर्यटक म्हणून आलेल्या माणसाला तिथे नोकरी करता येत नाही. ‘आधी जाऊ, मग तिथेच काहीतरी बघू’ हा बेत काढून टाका. राहण्यासाठी मुख्य वाटा दोन.

पहिली प्रीमियम व्हिसाची. ही योजना 2020 मध्ये सुरू झाली. तुमची कंपनी किंवा ग्राहक मॉरिशसबाहेर, उत्पन्नही बाहेरून येणारं, आणि तुम्ही काम करणार लॅपटॉपवर, अशा लोकांसाठी ती आहे. मुदत एक वर्ष, पुढे वाढवता येते. उत्पन्नाची अट महिन्याला किमान 1,500 अमेरिकी डॉलर. अर्ज ऑनलाइन होतो; उत्पन्नाचे पुरावे, प्रवास आणि आरोग्य विमा, परतीचं तिकीट, राहण्याची सोय एवढं लागतं. नाशिकच्या आयटीवाल्यांची गाडी इथे अडते ती कंपनीच्या पत्रावर. ‘हा आमचा कर्मचारी आहे’ एवढंच लिहिलेलं पत्र पुरत नाही. पद, पगार आणि ‘हे काम मॉरिशसमध्ये राहून करण्यास कंपनीची परवानगी आहे’ हे वाक्य लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह हवं. एचआर हे वाक्य पटकन देत नाही, कारण परदेशात माणूस बसला की कंपनीच्या कराचे आणि डेटा सुरक्षेचे प्रश्न उभे राहतात. म्हणून आधी हे पत्र हातात घ्या, मगच तिकिटाकडे बघा.

दुसरी ऑक्युपेशन परमिटची. मॉरिशसमधल्या कंपनीत नोकरी, तिथे गुंतवणूक करून धंदा, किंवा स्वतंत्र व्यवसाय अशा तिघांसाठी ती आहे. निवृत्तांसाठी वेगळा रहिवासी परवाना आहे. त्याला वय 50 च्या पुढे आणि बाहेरून ठरावीक रक्कम आणण्याची अट असते. हे सगळं तिथलं इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्ड बघतं. पगाराची आणि गुंतवणुकीची किमान रक्कम तिथल्या अर्थसंकल्पात वारंवार बदलते, आणि तो साधारण जूनमध्ये येतो. यूट्यूबवरचा दोन वर्षांपूर्वीचा आकडा धरून हिशेब करू नका. अर्जाच्या आठवड्यात बोर्डाच्या संकेतस्थळावर जे लिहिलंय तेच खरं. नवराबायको आणि मुलांचे अर्ज वेगळे असतात, आणि जोडीदाराला आपोआप नोकरीचा हक्क मिळतो असं समजू नका. ते वेगळं विचारून घ्या.

नावाचा घोळ

हा सगळ्यात जास्त वेळ खाणारा भाग, आणि तो खास आपला आहे. पासपोर्टवर नाव एका क्रमाने, विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, जन्मदाखल्यावर नुसतं ‘बाळ’ किंवा नावाची जागाच रिकामी, आणि लग्नानंतर बायकोच्या अर्ध्या कागदांवर माहेरचं नाव. आपल्याला यात काही वावगं दिसत नाही. तिकडच्या अधिकाऱ्याला ही दोन-तीन वेगळी माणसं दिसतात.

क्रम असा ठेवा. पासपोर्टवरचं नाव प्रमाण माना. जन्मदाखल्यावर नाव नसेल तर महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात नाव नोंदवून नवा दाखला काढा. लग्न नोंदवलेलं नसेल (पत्रिका आणि फोटो म्हणजे नोंदणी नव्हे) तर विवाह नोंदणी करा. उशिरा नोंदवता येतं, दंड भरावा लागतो एवढंच. नाव खरोखर बदललं असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रसिद्ध करा. फक्त क्रम किंवा स्पेलिंगचा फरक असेल तर ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र बहुधा पुरतं.

त्यानंतर अपोस्टिल, म्हणजे तुमचे कागद परदेशात खरे मानले जावेत यासाठीचा सरकारी शिक्का. भारत आणि मॉरिशस दोघंही हा शिक्का मानणाऱ्या हेग कराराचे सदस्य आहेत, त्यामुळे दूतावासाच्या शिक्क्याची गरज नसते. आधी राज्य शासनाच्या संबंधित विभागाकडून साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल. मंत्रालयाचं शुल्क एका कागदाला 50 रुपये आहे. एजंट सांगतो ते हजारो रुपये त्याच्या फेऱ्यांचे आणि कुरियरचे असतात. पदवीला जास्त वेळ लागतो, कारण विद्यापीठाकडून पडताळणी होते. पदवी, जन्म आणि विवाहाचे दाखले एकाच वेळी द्या, पण मूळ कागद हातातून सोडण्याआधी रंगीत स्कॅन करून ठेवा. आणि नाव दुरुस्त होण्याआधी अपोस्टिल करू नका. चुकीच्या नावावर शिक्का बसला की सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

पोलीस क्लिअरन्सचा (तुमच्यावर गुन्हा नसल्याच्या दाखल्याचा) अर्ज पासपोर्ट सेवेतून होतो, शुल्क 500 रुपये. तो अगदी शेवटी काढा, कारण जुना झालेला सहसा चालत नाही. पासपोर्टवर पंचवटीतला जुना पत्ता आणि तुम्ही राहता पाथर्डी फाट्याला, असं असेल तर पडताळणी दोन पोलीस ठाण्यांत फिरते. तेवढे दिवस जास्त धरा.

पैसा आणि कर

बँकेचं साधं बचत खातं तुम्ही अनिवासी (एनआरआय) झाल्यावर तसंच ठेवता येत नाही. ते एनआरओ (इथल्या कमाईसाठीचं अनिवासी खातं) करून घ्या, आणि तिकडची कमाई इकडे पाठवण्यासाठी एनआरई उघडा. हे नाशिकच्या शाखेत, निघण्यापूर्वी, समोर बसून उरकलेलं बरं. कुरियरने सही पाठवली की ‘सही जुळत नाही’ असं उत्तर येतं.

निवासी माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. शिक्षण आणि उपचार सोडून इतर कारणांसाठी वर्षात 10 लाख रुपयांच्या वर पाठवलं तर वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँकेने घेतलेला आगाऊ कर, कापला जातो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोपर्यंत पैसे अडकतात. घराचं डिपॉझिट आणि पहिल्या तीन महिन्यांचा खर्च काढताना हे लक्षात ठेवा.

निघण्याची तारीखही कराच्या दृष्टीने महत्त्वाची. परदेशी नोकरीसाठी जाणारा भारतीय आर्थिक वर्षात 182 दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला तर त्या वर्षी अनिवासी ठरतो. एप्रिलपासून मोजलं तर सप्टेंबर संपायच्या दोन-तीन दिवस आधीच निघायला हवं, आणि दिवाळीला यायचे दिवसही त्यातच मोजायचे. मात्र पगार भारतातल्या खात्यात जमा होत असेल तर अनिवासी असूनही तो इथे करपात्र असतो. प्रीमियम व्हिसावर नाशिकच्याच कंपनीचं काम करणाऱ्यांनी हा मुद्दा सीएकडून लेखी घ्यावा.

इंदिरानगरचा फ्लॅट भाड्याने देऊन जाणार असाल तर आणखी एक गोष्ट, जी दलाल सांगत नाही. मालक अनिवासी झाला की भाडेकरूला भाड्यातून 31.2 टक्के टीडीएस कापून भरावा लागतो, रक्कम कितीही लहान असो. भाडेकरूला आधी सांगा, नाहीतर नोटीस त्याला येते आणि भांडण तुमच्याशी होतं. घरपट्टी, पाणीपट्टी, सोसायटी आणि भाडेकरार यांसाठी घरातल्या एका माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवा. तिथून करायचं म्हटलं तर पुन्हा शिक्क्यांचं चक्र.

तिथे खातं उघडताना पत्त्याचा पुरावा मागतात आणि घरमालक बँक खातं मागतो. ही गाठ सोडवायची रीत अशी: भाडेकरार आणि मालकाच्या नावाचं अलीकडचं वीजबिल, सोबत मालकाचं पत्र. नाशिकच्या बँकेकडून इंग्रजी शिफारसपत्रही घेऊन जा. स्टेट बँकेची उपकंपनी आणि बँक ऑफ बडोदा तिथे आहेत. फेब्रुवारी 2024 पासून मॉरिशसमध्ये यूपीआय सुरू झालं, पण सगळ्या दुकानांत ते चालेल असं धरू नका.

घर कुठे घ्यावं

बेट लहान आहे, पण हवा एक नाही. क्यूरपिप साडेपाचशे मीटरवर, म्हणजे जवळजवळ नाशिकच्या उंचीवर आहे. पण तिथे नाशिकची कोरडी हवा नाही. पाऊस, धुकं, भिंतींना बुरशी आणि जुलै-ऑगस्टमध्ये स्वेटर. ऋतू उलटे आहेत: आपल्या हिवाळ्यात तिथे उन्हाळा. किनाऱ्यावर फ्लिक-आँ-फ्लाक किंवा ग्राँ-बे इथे उकाडा, भाडं जास्त आणि खाऱ्या हवेने कुलपांपासून लॅपटॉपच्या पोर्टपर्यंत सगळं गंजतं. नोकरदार मराठी कुटुंबाला आम्ही मधली गावं सुचवू: कात्र बोर्न, वाक्वा, फिनिक्स. हवा मध्यम, भाजीबाजार जवळ, आणि पोर्ट लुई ते क्यूरपिप मेट्रो याच पट्ट्यातून जाते. गाड्या महाग असल्याने मेट्रोजवळचं घर मोठा खर्च वाचवतं.

फोटो बघून वर्षाचा करार करू नका. पहिला महिना तात्पुरतं घर घ्या आणि या गोष्टी स्वतः बघा: छप्पर काँक्रीटचं की पत्र्याचं, खिडक्यांना वादळी झडपा आहेत का, गच्चीवर पाण्याची टाकी आहे का (पाणीकपात होते), शेजारून नाला जातो का, कपाटाच्या मागच्या भिंतीला वास येतो का. फायबर इंटरनेट आधीपासून जोडलेलं आहे का हेही. भाडेकरार फ्रेंचमध्ये असेल तर इंग्रजी प्रत मागा. सामानाची यादी फोटोसह करून मालकाची सही घ्या. डिपॉझिटचे वाद तिथेच मिटतात.

चक्रीवादळ

हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे मध्यापर्यंत. गोदावरीला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुती कुठपर्यंत बुडाला ते विचारतो, तसा तिथला माणूस विचारतो ‘क्लास कितीचा?’ इशारे एक ते चार. क्लास एकला वादळ अजून दीड-दोन दिवस लांब असू शकतं. खरेदी, औषधं, बॅटऱ्या, पाणी सगळं तेव्हाच उरकायचं. दोनला गच्चीवरचं सैल सामान खाली आणायचं आणि टाकीचं झाकण बांधायचं. तीन लागला की घराबाहेर पडायचं नाही. चार म्हणजे ताशी 120 किलोमीटरचे झोत येऊन पोहोचलेले. मध्ये एकदम शांत होतं, ऊन पडतं. तो वादळाचा डोळा असू शकतो आणि मग वारा उलट दिशेने येतो. तिथल्या रेडिओवर जोवर इशारा उठल्याचं सांगत नाहीत तोवर दार उघडायचं नाही.

वाऱ्याइतकाच धोका पाण्याचा. जानेवारी 2024 च्या बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या. त्यामुळे तळघरातली पार्किंगची जागा बघून हुरळू नका. लॅपटॉपवर पोट असणाऱ्यांनी राउटरसाठी छोटा यूपीएस आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं ठेवावीत. मॉरिशस आपल्या दीड तास मागे आहे: नाशिकचं ऑफिस साडेदहाला उघडतं तेव्हा तिथे नऊ वाजलेले असतात. वादळाच्या दिवशी पहिला फोन त्या हिशेबाने करा.

सामान

फर्निचर नेऊ नका. घरं सहसा सामानासह मिळतात, आणि न्हावा शेव्यापासून समुद्रमार्गे लाकडी खोक्यात पाठवायचं तर खोक्यावर लाकूड कीडमुक्त केल्याचा शिक्का लागतो. वीज आपल्यासारखीच 230 व्होल्ट, त्यामुळे मिक्सर आणि इस्त्री चालतात. फक्त पिना वेगळ्या, तीन चपट्या ब्रिटिश पद्धतीच्या. अडॅप्टरचा ढीग नेण्यापेक्षा एम. जी. रोडवरून दोन चांगले एक्स्टेन्शन बोर्ड घ्या आणि तिथे त्यांना 13 अँपिअर फ्यूजचा प्लग बसवून घ्या. इंडक्शन आणि गीझर मात्र अशा बोर्डावर लावू नका, बोर्ड तापतो. कुकरची रबरी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन-दोन घ्या.

द्राक्षं, कढीपत्ता, बी-बियाणं, रोपं सामानात घालू नका. वनस्पतींच्या आयातीला परवाना लागतो आणि विमानतळावर जप्ती होते. काळा मसाला न्यायचा तर छापील लेबल असलेलं बंद पाकीट न्या, घरची निनावी पिशवी नको. वेपवर (ई-सिगारेटवर) बंदी आहे. झोपेच्या, चिंतेच्या आणि कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्यांबाबत नियम कडक आहेत. डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी हवीच, आणि अशा औषधांना पूर्वपरवानगी लागते का ते निघण्याआधी तपासा. भारतातून येणाऱ्यांकडे उतरल्यावर ताप आणि मलेरियाबद्दल आरोग्य खातं चौकशी करू शकतं. पत्ता आणि फोन खरा लिहा.

भाजीची चिंता नको. कात्र बोर्नचा भाजीबाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो. तिथे क्रिओल भाषेत मार्गोझ म्हणजे कारलं, लालो म्हणजे भेंडी, पिपंगाय म्हणजे दोडकं, कोतोमिली म्हणजे कोथिंबीर. ही चार नावं पाठ करून गेलात तर भाजीवाली पाहुण्याचा भाव लावणार नाही. फराता (पराठा) आणि ढोलपुरी (डाळपुरी) तर ओळखीचीच निघतील.

मराठी बोलणारं कोणी भेटेल का, हा प्रश्न प्रत्येकाचा असतो. कोकण आणि साताऱ्याकडून एकोणिसाव्या शतकात गेलेल्या लोकांचे वंशज तिथे आहेत, कास्कावेल गावात त्यांची वस्ती मोठी आहे. गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, आणि मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवतात. घरात मात्र बहुतेकांची क्रिओल आहे; मराठीत सुरुवात करा, पण उत्तर क्रिओलमध्ये आलं तर वाईट वाटून घेऊ नका. मुलांच्या शाळेसाठी लक्षात ठेवा की सरकारी शाळांचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, फ्रेंच पद्धतीच्या शाळांचं ऑगस्ट-सप्टेंबरात. जूनमध्ये गेलात तर मूल मधल्या सत्रात पडतं. शाळेला आधी लिहून वर्ग ठरवून घ्या.

विमान मुंबईहून, सुमारे सहा तास. पावसाळ्यात कसारा घाट तुंबतो, तेव्हा नाशिकहून विमानाच्या नऊ तास आधी निघा. मूळ कागद, अपोस्टिल, विमा आणि परतीचं तिकीट हातातल्या पिशवीत, छापील प्रतींसह. इमिग्रेशनच्या खिडकीपाशी फोनची बॅटरी संपलेली चालत नाही.