चवथीच्या स्प्रिंटला जुना वेग लावू नका
पणजी-पर्वरीच्या सॉफ्टवेअर ऑफिसांत चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की अर्धी टीम माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची आरास) बांधायला गावी पळते. तरी प्लॅनिंगमध्ये मागच्या स्प्रिंटचे, म्हणजे ठरावीक दिवसांच्या कामाच्या टप्प्याचे, 40 पॉइंट्स (कामाच्या आकाराचे अंदाजी आकडे) बिनधास्त भरले जातात. आधी माणसांचे दिवस मोजा: पाच जण, दहा दिवस म्हणजे 50, रजा वजा जाता 30 उरले, तर 40 च्या त्याच प्रमाणात 24 पॉइंट्सच घ्या. सुट्टी आहे म्हणून एखाद्या स्टोरीचे (कामाच्या एका तुकड्याचे) पॉइंट्स मात्र वाढवू नका. ते कामाचा आकार सांगतात, तारीख नव्हे. आणि प्लॅनिंग पोकरचे, म्हणजे प्रत्येकाने आपला पॉइंट्सचा अंदाज दाखवायचे, पत्ते सगळ्यांनी एकदम उलटावेत. नाहीतर सीनियरचा 3 पाहून ज्युनियर आपला 8 गुपचूप बदलतो. तफावत दिसली तर त्या दोघांनाच आधी बोलू द्या. बहुतेकदा टेस्टिंग कुणीतरी धरलेलंच नसतं.