एका एलडीआरपासून आलेखापर्यंत

डिझाइन मी कुठल्या वर्गात शिकले नाही. जे हाताला आलं ते सेन्सर जोडता जोडता. म्हणून कोणी विचारलं, सेन्सरने काही मोजून त्याचा आलेख काढायची सुरुवात कशाने करू, तर मी सांगते: एलडीआर घ्या, म्हणजे उजेड ओळखणारा छोटा सेन्सर. त्याच्यावर उजेड वाढला की त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी होतो, एवढंच त्याचं काम. त्याच्यावर हात धरून उजेड अडवला की आकडा लगेच पडतो, आणि आपण जगातलं काहीतरी खरंच मोजतोय हे डोळ्यांना पटतं.

एलडीआरचा एक पाय आर्डुइनो ऊनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाच्या ५ व्होल्टला लावा, दुसरा व्होल्टेज वाचणाऱ्या ए० पिनला. त्याच ए० पासून १० किलोओहमचा रेझिस्टर (ठरावीक रोधाचा सुटा भाग) ग्राउंडला जोडा. हा रेझिस्टर हवाच, कारण ऊनो रोध मोजत नाही, व्होल्टेज मोजतं. ५ व्होल्ट या दोघांत वाटले जातात आणि ए० वरचा वाटा ० ते १०२३ या आकड्यांत मिळतो. एक पायरी साधारण ४.९ मिलिव्होल्टची. खिडकीतल्या उन्हात आकडा १०२३ च्या आसपास जाऊन अडकला, तर १ किलोओहम लावून बघा. संध्याकाळचा मंद उजेड टिपायचा असेल तर मोठा रेझिस्टर बरा. आलेखात काय दिसणार आणि काय दिसणार नाही, ते इथेच ठरायला लागतं. मला हा भाग फार आवडतो.

आता दर ओळीत वेळ आणि आकडा, मध्ये स्वल्पविराम, असं सीरियलवर, म्हणजे केबलमधून संगणकाकडे, पाठवा आणि जसंच्या तसं फाइलमध्ये साठवा. ही कच्ची फाइल कधीच बदलायची नाही. सगळे प्रयोग तिच्या प्रतीवर.

विजेच्या दिव्याखाली आलेखाची रेषा थरथरताना दिसेल. सेन्सर बिघडलेला नसतो. ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, ६० हर्ट्झवर १२० वेळा. सलग १०० मिलिसेकंदांच्या वाचनांची सरासरी घ्या: तेवढ्या वेळात एकीकडे १० आणि दुसरीकडे १२ पूर्ण आवर्तनं बसतात, त्यामुळे थरथर जवळजवळ नाहीशी होते.

चित्रासाठी प्रोसेसिंग वापरा, म्हणजे कोड लिहून चित्र काढायचं सॉफ्टवेअर. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये सुरू केलेलं हे साधन चित्र काढणाऱ्यांसाठीच आहे. आधी साधी रेषा काढा, मग वर्तुळं. वर्तुळात मात्र आकडा थेट त्रिज्येला देऊ नका. आकडा चौपट झाला की त्रिज्या चौपट आणि क्षेत्रफळ सोळापट होतं, आणि बघणारा क्षेत्रफळच बघतो. त्रिज्येला आकड्याचं वर्गमूळ द्या.

अक्षावर ‘लक्स’ हे उजेडाचं एकक लिहायचा मोह होईल. लाइट मीटरशी ताडून पाहिलं नसेल तर ‘सेन्सरचं वाचन’ एवढंच लिहा. एलडीआरचा आकडा उजेडाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. आणि मध्येच केबल निघून नोंदी तुटल्या असतील, तर तिथे रेषाही तुटलेलीच ठेवा.