ज्योत पेटवण्याआधी आणि विझवल्यानंतर: लहान शेडमधील गॅस कटिंग, वेल्डिंग व ब्रेझिंग

भोसरी असो की शिरोली, लहान फॅब्रिकेशन शेडमध्ये सुरक्षिततेचा विचार बहुधा ज्योतीपुरताच होतो. काळी काच लावली, हातमोजे घातले, की काम सुरू. खरा घात मात्र ज्योत पेटण्याआधीच्या घाईत आणि ती विझल्यानंतरच्या दुर्लक्षात होतो, म्हणून या दोन वेळांकडे इथे अधिक लक्ष दिले आहे.

सर्वांत आधी जॉबची, म्हणजे कामाला आलेल्या वस्तूची, चौकशी करावी. भंगारातून आलेले पिंप किंवा डिझेलची जुनी टाकी कापायला आली, तर तिच्यात पूर्वी काय होते हे कळेपर्यंत टॉर्चला (ज्योत देणाऱ्या गॅसच्या हत्याराला) हात लावू नये. पिंप रिकामे दिसले, तरी पत्र्याच्या सांध्यात आणि कडेच्या घडीत तेल किंवा थिनर चिकटून राहते. पत्रा तापला की त्याची वाफ होते आणि बंद पिंपात ती हवेशी मिसळून स्फोट होतो. थंड असताना काडीनेही न पेटणारे जाड तेलसुद्धा अशा वेळी धोक्याचे ठरते. अशा भांड्यातील ज्वालाग्राही पदार्थ व त्याची वाफ काढून टाकल्याशिवाय किंवा निर्धोक केल्याशिवाय त्यावर वेल्डिंग, ब्रेझिंग (मूळ धातू न वितळवता सळई वितळवून जोडणे) वा कटिंग करू नये, असे 1948 च्या कारखाने अधिनियमाने कलम 37 मध्ये स्पष्ट लिहिले होते. पाण्याने एकदा खळबळून घेणे म्हणजे निर्धोक करणे नव्हे. गरम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने किंवा वाफेने आतून साफ करावे, सर्व झाकणे उघडी ठेवावीत, गॅस डिटेक्टरने आतली हवा तपासावी, आणि शक्य असेल तिथे कापायच्या जागेच्या जरा खालपर्यंत पाणी भरून आतली मोकळी जागा कमीत कमी ठेवावी. यातले काही जमत नसेल, तर ते काम नाकारावे. गिऱ्हाईक नाराज झाले तरी चालेल.

त्यानंतर वायूच्या टाक्या. काळी ऑक्सिजनची आणि मरून रंगाची ॲसिटिलीन या जळणाऱ्या वायूची, दोन्ही उभ्या आणि ट्रॉलीला साखळीने बांधलेल्या हव्यात. ॲसिटिलीनच्या टाकीत सच्छिद्र भराव असतो आणि त्यात मुरलेल्या ॲसिटोनमध्ये वायू विरघळलेला असतो. टाकी आडवी वापरली, तर ॲसिटोन रेग्युलेटरमध्ये उतरते. या वायूचा रेग्युलेटरवरील दाब 15 पीएसआयच्या (चौरस इंचाला पौंड), म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण 1 किलोच्या वर कधीही नेऊ नये, कारण त्यापुढे हवा किंवा ऑक्सिजन नसतानाही तो आपोआप विघटित होऊन फुटू शकतो. तुटलेली नळी तांब्याच्या तुकड्याने जोडण्याची सवयही याच कारणासाठी सोडावी, कारण तांबे आणि ॲसिटिलीन यांच्यापासून स्फोटक संयुग तयार होते. ऑक्सिजनच्या जोडणीला तेल, ग्रीस किंवा तेलकट हात लागू देऊ नये. कपड्यावरची धूळ ऑक्सिजनने उडवणे तर थेट जिवाशी खेळ आहे, कारण ऑक्सिजन मुरलेले कापड एका ठिणगीने भडकते.

रेग्युलेटरचा स्क्रू सैल करून, बाजूला उभे राहून, टाकीचा व्हॉल्व्ह सावकाश उघडावा. ॲसिटिलीनचा दीड फेऱ्यांपेक्षा जास्त उघडू नये आणि त्याची चावी तिथेच राहू द्यावी. सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत. टॉर्चमध्ये शिट्टीसारखा आवाज येऊन ज्योत आत शिरली, तर आधी ऑक्सिजन, मग ॲसिटिलीन बंद करावे. फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्योत मागे नळीत जाऊ न देणारी झडप, नसलेला सेट वापरूच नये. त्यावर वाचवलेले पैसे ही बचत नाही.

कटिंगच्या ठिणग्या दूरवर उडतात. चहूबाजूंनी 11 मीटरपर्यंत जळाऊ वस्तू हलवाव्यात, हलत नसतील त्या आगरोधक चादरीने झाकाव्यात, आणि भिंतीपलीकडे किंवा खालच्या मजल्यावर काय आहे तेही पाहावे. काम संपल्यावर किमान अर्धा तास, आणि जमल्यास तासभर, एका माणसाने अग्निशामक घेऊन तिथे थांबावे. भुशात पडलेली ठिणगी बराच वेळ धुमसते, म्हणून जेवणाच्या सुट्टीच्या किंवा पाळी सुटण्याच्या तोंडावर कटिंग काढू नये.

काळ्या काचेचा क्रमांक, म्हणजे तिचा गडदपणा, कामानुसार बदलतो: ब्रेझिंगला 3 किंवा 4, गॅस कटिंगला साधारण 4 ते 6, आर्क वेल्डिंगला 10 किंवा त्याहून अधिक. शेजारी उभ्या हेल्परलाही काच हवीच.

राहिला धूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये वेल्डिंगचा धूर मानवी कर्करोगाचे निश्चित कारण ठरवला. गूळ खाल्ला, दूध प्यायले की धूर बाधत नाही, हा समज शेडमध्ये खोल रुजलेला आहे. त्यावर विसंबून धूर ओढणारा पंखा किंवा योग्य मास्क टाळू नये. गॅल्व्हनाइज्ड पाइपवरचा जस्ताचा थर जोडाच्या दोन्ही बाजूंनी घासून काढावा, नाहीतर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. ब्रेझिंगसाठी चांदीची सळई घेताना ती कॅडमियमविरहित असल्याचे पाकिटावर वाचून घ्यावे. कॅडमियमचा धूर त्या वेळी फारसा जाणवत नाही; काही तासांनी, बहुधा घरी गेल्यावर, छाती भरून येते आणि ते प्राणघातक ठरू शकते. म्हणून रात्री दम लागला किंवा छातीत जडपणा वाटला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, आणि दिवसभर कोणत्या धातूवर, कोणत्या सळईने काम केले, ते डॉक्टरांना आपणहून सांगावे.