मोडी येत असेल तर हिब्रूला घाबरू नका

सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपात ज्यू आणि ख्रिस्ती विद्वान एकमेकांकडून काय शिकले, या विषयावर काम करायचंय, असं सांगणारे दोन-तीन जण दरवर्षी भेटतात. पहिला प्रश्न ठरलेला : हिब्रू जमेल का? मी उलट विचारते, मोडी येते का?

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो, शब्द सलग धावतात, 'रा॥' म्हणजे राजश्री हे आपलं आपण ओळखायचं. रब्बींचे, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचे, ग्रंथ असेच. नुसती व्यंजनं, स्वरचिन्हं नाहीत आणि ओळीओळीला लघुरूपं. योहान्नेस बुक्सटॉर्फ या स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या ख्रिस्ती प्राध्यापकाने १६१३ मध्ये या लघुरूपांवरच एक स्वतंत्र पुस्तक छापलं. म्हणजे तेव्हाच्या विद्यार्थ्यांचंही इथेच अडत होतं.

मी स्वतः माती खाल्ली ती सालांत. हिब्रू पुस्तकावर साल अक्षरांत असतं आणि बहुधा हजाराचा आकडा गाळलेला असतो. २९८ दिसलं की १२४० मिळवायचे, झालं १५३८. शकात ७८ मिळवतो तसंच. पण ज्यू वर्ष शरदात सुरू होतं, म्हणून पहिल्या तीन-एक महिन्यांना १२३९ च मिळवावे लागतात. पौष-माघात ७८ चे ७९ करायचे हे मोडीच्या वर्गात घोकलेलं असूनही मी शरदात छापलेलं एक पुस्तक वर्षभर पुढे ढकललं आणि त्यावर दीड पानाची मांडणी रचली. मार्गदर्शकांनी समासात फक्त प्रश्नचिन्ह काढलं होतं. महिना आधी वाचा, साल मग.

सुरुवात एलिया लेविता या ज्यू व्याकरणकारापासून करा. त्याचं हिब्रू बायबलचा पाठ जपण्याच्या परंपरेवरचं पुस्तक १५३८ मध्ये व्हेनिसला निघालं. आपण प्रस्तावना उलटून पुढे जातो, इथे तसं करू नका. युद्धात इटलीतलं पाडुआ लुटलं गेलं तेव्हा हा माणूस नागवला, रोमला आला आणि एजिदियो दा वितेर्बो या पुढे कार्डिनल झालेल्या धर्मपंडिताच्या घरी बायकामुलांसह दहा वर्षांहून अधिक राहिला. त्याला हिब्रू शिकवलं, त्याच्याकडून ग्रीक शिकला. १५२७ मध्ये रोमही लुटलं गेलं आणि पुन्हा सगळं गेलं. परधर्मीयांना शिकवतो म्हणून स्वकीयांनी ठेवलेल्या ठपक्याला तो उत्तर देतो, ते फार वाचनीय आहे. सत्तरी ओलांडल्यावर हाच लेविता आल्प्सपलीकडे जर्मनीतल्या इस्नीला गेला, पाऊल फागियुस या प्रोटेस्टंट पाद्र्याच्या छापखान्यात काम करायला. तिथे १५४२ मध्ये निघालेला त्याचा छोटा शब्दसंग्रह जरूर बघा : यिडिश, हिब्रू, लॅटिन, जर्मन, चार भाषा शेजारीशेजारी.

आता मुद्द्याचं. लेविताने म्हटलं, बायबलमधली स्वरचिन्हं मोशेच्या काळातली नाहीत, तालमूद हा ज्यूंचा धर्मशास्त्राचा मोठा ग्रंथ पुरा झाल्यानंतरची आहेत. एका व्याकरणकाराचं मत, पण ख्रिस्ती जगात त्यावरून रान पेटलं. केवळ पवित्र ग्रंथाच्या शब्दावर उभ्या राहिलेल्या प्रोटेस्टंटांना, त्या ग्रंथातले स्वर माणसांनी मागाहून लावले हे पचेना. बुक्सटॉर्फने १६२० मध्ये लेविताला खोडून काढायला पुस्तक लिहिलं, चारच वर्षांनी लुई कापेल या दुसऱ्या प्रोटेस्टंटाने लेविताची बाजू घेतली. नवख्याने एकच वाद धरायचा असेल तर हा धरावा.

'सौहार्द' हा शब्द मात्र प्रबंधात घालू नका, माझ्या पहिल्या मसुद्यात तो सात वेळा होता. एजिदियोला कब्बाला, म्हणजे ज्यूंची गूढविद्या, हवी होती ती बरीचशी ख्रिस्ताचं सत्य त्यात सापडेल म्हणून. व्हेनिसमध्ये डॅनियल बोम्बर्ग या ख्रिस्ती मुद्रकाने १५२० ते १५२३ मध्ये संपूर्ण तालमूद छापलं, त्याची पानवारी आजही चालते. आणि तेच तालमूद १५५३ मध्ये रोमच्या काम्पो दे फियोरी चौकात जाळलं गेलं. बाझलमध्ये ज्यूंना वस्तीची मुभा नव्हती, बुक्सटॉर्फच्या हिब्रू बायबलची मुद्रितं तपासणारा ज्यू माणूस कामापुरत्या परवानगीवर राहत होता. १६१९ मध्ये त्याच्या मुलाच्या सुंतेला बुक्सटॉर्फ हजर राहिला आणि नगरसभेने त्याला दंड ठोठावला. देवाणघेवाण होती, पण पगारी, गरजेची आणि कायम कुणाच्या तरी नजरेखालची.

लॅटिन हिब्रूच्या मागोमाग सुरू करा, जर्मन नंतर चालेल. बाझलची पुस्तकं घरबसल्या स्कॅनमध्ये मिळतात, पण एकदा तरी इटलीत फिरलेली जुनी प्रत हातात घ्या आणि शेवटचं पान आधी उघडा. तिथे अनेकदा चर्चतर्फे पुस्तकं तपासणाऱ्या धर्मतपासनिसाची सही असते. दोमेनिको जेरोसोलिमितानो हे नाव वारंवार भेटेल, हा स्वतः आधी ज्यू होता. मग आत त्याने शाईने खोडलेल्या ओळी शोधा. बऱ्याच ठिकाणी ती शाई विटून तपकिरी झालीय आणि खालची छापील अक्षरं पुन्हा वर आलीत. तेवढं वाचण्यापुरतं हिब्रू वर्षभरात येतं.